परिच्छेद सात आणि रावबहादूरांचा हात

मी रावबहादूरांच्या उजव्या कानाशी उभी होते आणि माझा फोन वाजत होता. एका हातात हातोडी, दुसऱ्या हाताने परांचीचा बांबू धरलेला. तिसरा हात देवाने दिला नाही, म्हणून वाजू दिला. थांबला. परत वाजला. शेवटी बांबू बगलेत धरला आणि फोन घेतला.

"मॅडम, साहेब ठणठणीत आहेत ना?"

हे नानासाहेब, स्मारक समितीचे अध्यक्ष. खाली चौकातच उभे होते आणि वर बघून हात हलवत होते.

"तपासणी चालू आहे, नानासाहेब."

"तेच म्हणतो. अहो, शंभर वर्षं काही होत नाही त्यांना."

फोन ठेवते तोच दुसरा आला. "मॅडम, धोकादायक आहे ना?" हे गायकवाड सर, पुतळा हटाव समितीचे निमंत्रक. तेही खालीच होते, चौकाच्या दुसऱ्या टोकाला, रसवंतीच्या आडोशाला. "म्हणजे मी दबाव आणत नाहीये. नुसतं विचारतोय."

"सर, मी अजून कानापर्यंतच आलेय."

मी स्ट्रक्चरल इंजिनिअर. बांधलेली गोष्ट उभी राहील की पडेल, हे सांगणं माझं काम. डॉक्टर जसा माणूस तपासतो तशी मी इमारत तपासते आणि शेवटी सही-शिक्क्याचा रिपोर्ट देते. त्याला स्ट्रक्चरल ऑडिट म्हणतात. वय बासष्ट. घरचे म्हणतात, आता परांचीवर चढू नकोस. मी म्हणते, खालून ठोकता येत नाही.

गाव पुण्याच्या हद्दीत अलीकडेच आलेलं. नाव सांगत नाही. सांगितलं तर दोन्ही समित्या माझ्या घरी येतील, आणि दोन्हींना चहा द्यावा लागेल. आमच्याकडे कप सहाच आहेत.

रावबहादूर म्हणजे इंग्रजांच्या काळातले इथले मोठे जमीनदार. दुष्काळात त्यांनी गावाला तलाव बांधून दिला, म्हणून सरकारने पदवी दिली, म्हणून पुढे चौकात पुतळा आला. हे झालं स्मारक समितीचं म्हणणं. हटाव समितीचं म्हणणं असं की तलाव ज्यांनी खणला, त्याच घरांना त्या तलावावर पाणी भरायची बंदी होती, आणि ती बंदी रावबहादूरांच्या सहीने झाली होती. आता गंमत अशी की दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. बंदीचा कागद गायकवाड सरांनी स्वतः शोधून काढला आणि नानासाहेबही तो खोटा म्हणत नाहीत. ते म्हणतात, "त्या काळी तसंच होतं." त्यावर सर म्हणतात, "चौथऱ्यावर काळ उभा नाहीये नाना, माणूस उभा आहे."

तलाव आता नाही. तो बुजवून तिथे 'लेक व्ह्यू' नावाची सोसायटी झाली आहे. बिल्डर कोण, तर नानासाहेबच. रावबहादूरांचं बोट अजून तिकडेच रोखलेलं आहे. पूर्वी ते पाण्याकडे जायचं, हल्ली बी विंगच्या पार्किंगकडे जातं.

हे काम माझ्याकडे आलं शेटेसाहेबांमुळे. शेटेसाहेब सरकारी इंजिनिअर, रिटायरमेंटला चौदा महिने उरलेले, आणि ते चौदा महिने सुखाने जावेत एवढीच त्यांची इच्छा.

"मॅडम, दोन्ही समित्या एका गोष्टीवर राजी झाल्यात," ते म्हणाले. "तुमचा रिपोर्ट फायनल. तुम्ही धोकादायक म्हटलं, हटवायचा. तुम्ही ठीक म्हटलं, ठेवायचा. म्हणजे कोणी हरलं असं होत नाही."

"म्हणजे इतिहासाचा निकाल मी हातोडीने लावायचा?"

"हो. सही-शिक्क्यानिशी."

"साहेब, माणूस चांगला होता की वाईट, हे सिमेंट ठोकून कळत नाही."

"म्हणून तर तुम्हाला बोलावलं. ज्यांना कळतं ते सगळे भांडतायत."

निघताना त्यांनी हळूच विचारलं, "तुमचं आडनाव पाटणकर ना? म्हणजे नक्की कुठले?" हा प्रश्न पुढच्या आठवड्यात नानासाहेबांनी विचारला, गायकवाड सरांनी विचारला, आणि परांचीवाल्यानेसुद्धा विचारला. माझं आडनाव सोयीचं आहे, त्यावरून कुणाला काही कळत नाही. मी चौघांनाही सांगितलं, "पाटणची."

तर मी वर चढले. पहिला धक्का नानासाहेबांसाठी होता. पुतळा पंचधातूचा आहे, असं ते पंचवीस वर्षं भाषणात सांगत आले. पुतळा सिमेंटचा निघाला, आत लोखंडी सळया, बाहेरून सोनेरी ऑइलपेंट. मी काही बोलले नाही. माणसाचा एकदम सगळ्या बाजूंनी अपमान करू नये.

आता तपासायचं कसं, तर अगदी सोपं. नारळ घेताना आपण वाजवून बघतो ना, तसं हातोडीने हळू ठोकत जायचं. 'टण्ण' आलं तर आत सिमेंट भरीव आहे. 'भद्द' आलं तर आत पापुद्रा सुटलाय, लोखंड गंजलंय. लोखंड गंजलं की फुगतं आणि वरच्या सिमेंटला बाहेर ढकलतं. एक दिवस तो तुकडा खाली येतो.

डाव्या बाजूने सुरुवात केली. गाल, खांदा, छाती. टण्ण, टण्ण, टण्ण. इतकं चांगलं सिमेंट मी हल्लीच्या इमारतींतही बघितलेलं नाही. उजवीकडे आले. भद्द. खांदा भद्द, दंड भद्द, आणि तो पुढे केलेला हात तर असा वाजला की मी हातोडी लगेच मागे घेतली. खांद्यावर मुंग्यांची रांग होती आणि नाकाला आंबूस वास येत होता.

एकच पुतळा, एकाच दिवशी ओतलेला. अर्धा धडधाकट आणि अर्धा कुजका, असं कसं? मी तिथेच परांचीवर बसले आणि विचार करत राहिले. उत्तर माझ्या समोर होतं, उजव्या खांद्याला टेकवून कायमची बसवलेली लोखंडी शिडी.

दर जयंतीला स्मारक समिती रावबहादूरांना अभिषेक करते. दूध, दही, मध, साखर, तूप, नंतर पाणी. शिडी उजवीकडे, त्यामुळे ओतायचं ते उजवीकडूनच. दूध आंबतं, आणि आंबट पदार्थ सिमेंटला खातो. एका डेअरीची फरशी मी तपासली होती, ती चाळणीसारखी झाली होती. इथे तेच झालं होतं. भेगांतून पंचामृत आत गेलं, सळया गंजल्या, साखरेला मुंग्या आल्या.

आणि डावी बाजू? हटाव समिती रसवंतीच्या कोपऱ्यातून यायची, म्हणजे डावीकडून. दर जयंतीला त्यांचाही कार्यक्रम ठरलेला, पुतळ्यावर डांबर फेकायचं. दुसऱ्या दिवशी स्मारक समिती डांबर खरवडायचा कंटाळा करून त्यावरच सोनेरी रंग मारायची. डांबर, रंग, डांबर, रंग. मी पात्याने थोडं उकरलं तर चिरोट्यासारखे पदर सुटले. आपण गच्चीला डांबर कशाला लावतो? पाणी आत जाऊ नये म्हणून.

मी वर एकटीच खो खो हसले. पूजा करणाऱ्यांनी रावबहादूरांना कुजवलं होतं आणि विटंबना करणाऱ्यांनी जपलं होतं. खालून दोघेही "काय झालं, काय झालं" करत होते.

खाली उतरले आणि हसू गेलं. त्या उजव्या हाताच्या बरोबर खाली हौसाबाई बसली होती.

हौसाबाई फुलवाली. पोत्यावर बसून हार विकते. साठीची असेल. हाताची सावली दुपारी बरोबर तिच्या पोत्यावर पडते, म्हणून तिने ती जागा धरलेली.

"बाई, इथून उठा," मी म्हटलं. "वरचा हात कच्चा आहे. कधीही पडेल."

"आता कशी उठू? आठ दिसांनी जयंती हाय. वर्साचा धंदा हाय माझा." ती हार ओवतच होती.

"अहो, डोक्यावर पडेल."

"तुम्ही कुन्या समितीच्या?"

"कुणाच्याच नाही."

मग तिने पहिल्यांदा वर बघितलं. म्हणाली, "माझ्या सासऱ्याचा बाप व्हता त्या तळ्यावर खनायला. माझी आजेसासू मातुर पानी आनायला वढ्यावर जायची. लई लांब. तळं दारात, अन् घागर वढ्यावर."

मी विचारलं, "मग तुम्हाला काय वाटतं, हा पुतळा राहावा की जावा?"

"मला कोन इचारतंय?" ती म्हणाली. "सावली पडती म्हनून बसते. तुम्ही जरा सरका, गिऱ्हाइक येतंय."

तीस वर्षं त्या पुतळ्यावर भाषणं झाली, पण हा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता. मीही परांचीवरून उतरल्यावरच विचारला होता, याची मला लाज वाटली.

त्या दुपारी मी रिपोर्ट लिहिला. डावी बाजू उत्तम. उजवा हात व खांदा अत्यंत धोकादायक, ताबडतोब उतरवावा. तोवर खालची जागा मोकळी करून दोरी बांधावी. पुतळा राहावा की जावा, हे ठरवणं या रिपोर्टच्या कक्षेत येत नाही. आणि परिच्छेद सातमध्ये कारणं लिहिली. उजवीकडे दूध व पंचामृताचा वारंवार मारा. डावीकडे डांबराच्या थरांमुळे संरक्षण.

दुसऱ्या दिवशी शेटेसाहेबांच्या केबिनमध्ये बैठक झाली. टेबलाच्या एका बाजूला नानासाहेब, दुसऱ्या बाजूला गायकवाड सर. शेटेसाहेब मध्ये, हातात पाण्याचा ग्लास. रिपोर्टच्या दोन प्रती दोघांनी एकदमच वाचायला घेतल्या आणि एकदमच परिच्छेद सातला पोचले. दोघांचेही चेहरे एकदमच पडले.

"हे काय आहे?" नानासाहेब म्हणाले. "आम्ही दूध घालून साहेबांना कुजवलं, असं लिहायचं? समाजात तोंड कसं दाखवू?"

"घातलंत ना दूध?"

"श्रद्धेनं घातलं!"

"नानासाहेब, सिमेंटला श्रद्धा कळत नाही. दूध कळतं."

मी गायकवाड सरांकडे बघितलं. मला वाटलं, ते तरी हसत असतील. ते रिपोर्टकडे असे बघत होते जणू त्यांच्याच विद्यार्थ्याने वर्कशॉपमधला जॉब चुकीचा करून आणलाय. सर आयटीआयमध्ये इन्स्ट्रक्टर होते, त्यांना सगळं व्यवस्थित कळलं होतं.

"मॅडम, पहिला डबा मी स्वतः फेकला होता," ते हळू आवाजात म्हणाले. "तेव्हा ऐन तिशीत होतो. लॉकअपमध्ये बसलो त्यापायी. आणि तुम्ही लिहिताय, आम्ही त्याचं वॉटरप्रूफिंग करत होतो."

"अगदी उत्तम केलंत."

"हे छापून आलं तर आमची पोरं मला समितीतून काढतील."

नानासाहेब पुढे सरकले. "सर बरोबर बोलतायत."

सर म्हणाले, "नानांचं म्हणणं मला पटतं."

शेटेसाहेबांच्या हातातला ग्लास तसाच राहिला. तीस वर्षांत हे दोघे पहिल्यांदा एकमेकांशी सहमत झाले होते. ठराव असा, की परिच्छेद सात काढून टाकावा.

"कारण काढलं तर काय होईल ठाऊक आहे?" मी विचारलं. "नानासाहेब, जयंतीला अभिषेक करणार ना?"

"परंपरा आहे."

"शिडीवर चार माणसं चढणार. वर कॅनभर दूध. सगळा भार त्याच खांद्यावर. खाली हौसाबाई."

"मग जयंतीनंतर सही करा ना," नानासाहेब म्हणाले. "आठ दिवसांनी काय होतंय? इतकी वर्षं पडला नाही."

शेटेसाहेबांनी माझ्याकडे केविलवाणं बघितलं. "मॅडम, बघा काही जमतंय का."

मला राग आला. खरं सांगायचं तर भीतीही वाटली. हात पडला तर पहिल्यांदा शोधतात ती इंजिनिअरची सही, आणि ती माझी असणार होती. पण त्याहून जास्त मला ते पोतं दिसत होतं. मी माझी बॅग उचलली आणि टेबलावर हातोडी ठेवली.

"उद्या सकाळी दहा वाजता दोघेही परांचीवर या. स्वतः ठोकून बघा. 'टण्ण' आलं तर परिच्छेद सात मी स्वतः खोडते."

"मी? परांचीवर?" नानासाहेब म्हणाले. "माझा गुडघा—"

"दर जयंतीला शिडी चढता की."

सर म्हणाले, "मी येतो." मग नानासाहेबांना यावंच लागलं.

सकाळी मी नऊलाच गेले आणि चौथऱ्याभोवती दोरी बांधून घेतली. हौसाबाईला उठवायला अर्धा तास लागला. ती दोन्ही समित्यांना मिळून शिव्या देत, हारांची बादली घेऊन रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभी राहिली. पोतं मात्र उचलेना. म्हणे, जागा राखायला राहू दे.

दोघांना हेल्मेट घातली. नानासाहेबांनी केस काळे करून आणले होते, हेल्मेटमुळे ते विस्कटले म्हणून कुरकुर केली. तीस वर्षं ज्याच्यावरून भांडले त्याचा चेहरा सरांनी इतक्या जवळून कधी बघितला नव्हता. ते एवढंच म्हणाले, "नाक बरंच बेढब आहे."

आधी डावा खांदा. नानासाहेबांनी ठोकलं. टण्ण. "बघा!" ते ओरडले, आणि लगेच सरांकडे बघून ओशाळले.

"आता उजवा हात. हळू. बोटाच्या मुळाशी," मी म्हटलं.

नानासाहेबांनी हातोडी अशी धरली जशी भूमिपूजनाची कुदळ. "नाना, हळू!" सर म्हणाले. पण नाना भूमिपूजनाच्या जोरात होते. भद्द असा आवाज आला, मग खर्रकन दुसरा, आणि रावबहादूरांचा अंगठा, रोखलेलं बोट आणि तळहाताचा चार-पाच किलोंचा तुकडा आमच्या डोळ्यांदेखत खाली गेला.

तो बरोबर हौसाबाईच्या पोत्यावर पडला. पोत्यावर तिची सुईदोऱ्याची पत्र्याची डबी राहिली होती. ती चपटी झाली.

नानासाहेबांचा चेहरा पांढराफटक. त्यांनी स्वतःच्या हाताने साहेबांचं बोट तोडलं होतं, तेही विरोधकांच्या साक्षीने. पण ते पोत्याकडेच बघत होते. मग हातोडी माझ्या हातात देत म्हणाले, "मॅडम, सही करा. जसं लिहिलंय तसं."

"परिच्छेद सातसकट?"

"सकट," दोघेही म्हणाले.

पुढचं थोडक्यात सांगते. उजवा हात आणि खांदा रीतसर उतरवला. जयंतीला अभिषेक झाला नाही. डांबरही उडालं नाही, कारण फेकलं तर पुतळा आणखी टिकेल, असं सर आपल्या पोरांना आता समजावून सांगतात. राहिलेल्या रावबहादूरांवर निळी ताडपत्री घातली आहे. ठेवायचे की हलवायचे, यावर आता तिसरी, सरकारी समिती बसली आहे. शेटेसाहेब सुखरूप रिटायर झाले, ही समिती अजून बसलेलीच आहे. जयंतीला एक समिती ताडपत्रीला हार घालते आणि दुसरी ताडपत्रीला काळे झेंडे दाखवते.

एक गोष्ट झाली. चौथऱ्यावर सरांनी एक ओळ लिहिली: तलाव कोणी खणला, आणि पाणी कोणाला मिळालं नाही. नुसत्या खडूने, पण फळ्यावर लिहावं तशा सुंदर अक्षरात. पावसाने पुसली की ते पुन्हा लिहितात. नानासाहेबांच्या माणसांनी एकदा ती धुऊन टाकायला बादली आणली होती. नानासाहेबांनी बादली परत पाठवली.

मला अजून लोक विचारतात, असे पुतळे राहावेत की जावेत? मी सांगते, मला फक्त ठोकून बघता येतं. मात्र वर कोण उभं आहे यावर भांडण्याआधी खाली कोण बसलंय ते बघून घ्या. बघायला परांची लागत नाही.

मागच्या महिन्यात त्या बाजूला गेले होते. हौसाबाई आता रस्त्याच्या पलीकडे बसते. हाताची सावली गेली, म्हणून तिने मोठी छत्री घेतली आहे. तिथे वारा फार, छत्री उडू नये म्हणून दोरी खाली ओढून एका दगडाला बांधलेली. जवळ जाऊन बघते तर तो दगड नव्हता. अंगठा होता, बोट होतं, सोनेरी रंग अजून शाबूत.

"अहो, हे तुमच्याकडे?"

"दोनी समित्या मागाया आल्या व्हत्या," ती म्हणाली. "एक म्हनं पूजेला ठिवतो, दुसरी म्हनं मिरवनुकीत दावतो. म्या म्हनलं, माझ्या डोक्यावर पडनार व्हतं, माझं हाय."

मी मोगऱ्याचा एक गजरा घेतला. तिने दोरीची गाठ आणखी करकचून आवळली.

"पानी न्हाय दिलं त्यानं," ती म्हणाली. "छत्री तरी धरू दे."